सेल्कर्कचा शेरीफ आणि चार महिन्यांची अट

प्रकरण थोडक्यात असे आहे. स्कॉटलंडच्या दक्षिण सरहद्दीजवळील सेल्कर्कशायर या छोट्या परगण्यात १७९९ च्या डिसेंबरात अठ्ठावीस वर्षांच्या एका वकिलाची शेरीफ म्हणून नेमणूक झाली. शेरीफने वर्षातले चार महिने आपल्या परगण्यात मुक्काम केला पाहिजे, असा कायदा होता. हा शेरीफ मात्र एडिनबरोच्या वरिष्ठ न्यायालयात वकिली करीत होता, उन्हाळ्यात एडिनबरोपासून काही मैलांवरच्या लासवेड येथे राहत होता आणि फ्रेंच आक्रमणाच्या भीतीच्या त्या दिवसांत हौशी घोडदळाच्या तुकडीत मोठ्या उत्साहाने कवायत करीत होता. परगण्याचा लॉर्ड लेफ्टनंट, म्हणजे तिथला राजाचा प्रतिनिधी, फ्रान्सिस नेपियर याने या गैरहजेरीवर उघड आक्षेप घेतला आणि १८०४ मध्ये शेरीफला बिऱ्हाड हलवावे लागले. त्या शेरीफचे नाव वॉल्टर स्कॉट होते, म्हणून ही हकीकत सहसा एका कादंबरीकाराच्या चरित्रातील फुटकळ प्रसंग म्हणून सांगितली जाते. प्रस्तुत टिपणाचा विषय कादंबरीकार नसून कचेरी आहे: शेरीफ हा लोकांजवळ असावा की कायद्याच्या केंद्राजवळ, हा प्रश्न या पदाच्या इतिहासात वारंवार येतो, आणि सेल्कर्कच्या या वादात त्याच्या दोन्ही बाजू स्वच्छ दिसतात.

आरंभीच एक गैरसमज दूर केलेला बरा. मुंबईचे शेरीफ, म्हणजे नगरपाल, हे मानाचे पद आहे आणि अमेरिकेतील शेरीफ हा मुख्यतः निवडून येणारा पोलीस अधिकारी असतो. स्कॉटलंडचा शेरीफ हा न्यायाधीश आहे. दिवाणी दावे, बहुतेक फौजदारी खटले, वारसाहक्काची आणि कर्जवसुलीची प्रकरणे त्याच्यापुढे चालतात. शिवाय एकोणिसाव्या शतकापर्यंत निवडणुका पार पाडणे, दंगली मोडणे आणि सरकारला परगण्याची खबर देणे ही कामेही त्याच्याच गळ्यात असत.

वतन ते नोकरी

स्कॉटच्या आधीची सेल्कर्कची शेरीफी ही शब्दशः वतन होती. १५०९ मध्ये चौथ्या जेम्स राजाने ती मरे घराण्याला वंशपरंपरेने दिली. या देणगीमागची लोककथा मोठी रंजक आहे. एट्रिकच्या रानात स्वतःचेच राज्य चालवणारा एक मरे राजाला जुमानत नव्हता. शेवटी राजाने फौजेनिशी येऊन तडजोड केली, मरेने किल्ल्याच्या चाव्या राजाच्या हाती दिल्या आणि राजाने त्यालाच त्या रानाचा शेरीफ केले, असे एक जुने गीत आपल्या पोवाड्याच्या थाटात सांगते. कथेत इतिहास किती आणि शाहिरी किती, हा वेगळा विषय आहे. तिच्यात व्यवहाराचे तत्त्व मात्र अचूक पकडले आहे: दूरच्या राजाला जिथे स्वतःचा माणूस बसवता येत नाही, तिथे तो बसलेल्या माणसालाच आपला म्हणतो. पुढे फिलिपहॉचे मरे म्हणून ओळखल्या गेलेल्या या घराण्याकडे शेरीफी अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत होती.

अशा वतनी शेरीफला कायद्याचे शिक्षण असण्याची गरज नव्हती. न्यायदानाचे प्रत्यक्ष काम तो नेमलेल्या दुय्यमाकडून करवून घेई आणि दंडाच्या रकमेवर त्याचा हक्क असे. अधिकार हा मालमत्तेचाच प्रकार मानला जाई. इतका की १७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या संसदा एक झाल्या, तेव्हा एकत्रीकरणाच्या करारातील विसाव्या कलमाने ही वंशपरंपरागत न्यायाधिकारपदे मालमत्ता म्हणून जशीच्या तशी राखून ठेवली.

१७४५ च्या जॅकोबाइट बंडाने, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांच्या उठावाने, ही व्यवस्था मोडली. एप्रिल १७४६ मध्ये कलोडन येथे बंडखोरांचा पराभव झाल्यावर लंडनच्या सरकारचे असे मत झाले की, सरदारांच्या हातातील न्यायसत्ता हीच त्यांची फौज गोळा करण्याची ताकद आहे. त्यानुसार झालेल्या कायद्याने २५ मार्च १७४८ पासून वतनी शेरीफी संपल्या. करारात त्यांना मालमत्ता म्हटले होते, त्यामुळे त्या फुकट काढून घेता येईनात. भरपाई द्यावी लागली. सर्व वतनदारांना मिळून सुमारे १,५२,००० पौंड देण्यात आले, आणि ही रक्कम त्यांनी केलेल्या मागणीपेक्षा पुष्कळच कमी होती. फिलिपहॉच्या जॉन मरेला सेल्कर्कच्या शेरीफीपोटी ४,००० पौंड मिळाले. सेल्कर्क हा काही बंडाचा बालेकिल्ला नव्हता. डोंगराळ उत्तरेतील सरदारांना वठणीवर आणण्यासाठी आणलेल्या कायद्याच्या कचाट्यात दक्षिणेतले हे निरुपद्रवी वतनही सापडले. सरसकट सुधारणेत असे होतेच.

नव्या कायद्याने घडवलेला अधिकारी शेरीफ-डेप्युट म्हणून ओळखला जाऊ लागला. तो सरकारने नेमायचा, पगार सरकारने द्यायचा, आणि तो किमान तीन वर्षे अनुभवी अ‍ॅडव्होकेट, म्हणजे एडिनबरोच्या वरिष्ठ न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार असलेला वकील असलाच पाहिजे. याच कायद्यात चार महिने मुक्कामाची अट होती. आपल्या अनुपस्थितीत काम पाहण्यासाठी त्याने शेरीफ-सबस्टिट्यूट नेमावा, अशीही सोय होती.

या दोन अटी एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या की पुढच्या वादाचे बीज दिसते. अ‍ॅडव्होकेट हा एडिनबरोतच मिळतो आणि त्याची वकिली एडिनबरोतच चालते. कोर्ट ऑफ सेशन हे तिथले सर्वोच्च दिवाणी न्यायालय हिवाळी आणि उन्हाळी अशी दोन सत्रे मिळून जवळजवळ अर्धे वर्ष भरे. उरलेल्या अर्ध्या वर्षात चार महिने परगण्यात काढणे गणिताने शक्य होते. पण हौसेने ते कोण करणार? वकिलाला सुट्टीतही आपल्या अशिलांच्या आणि सॉलिसिटरांच्या नजरेसमोर राहणे फायद्याचे असे. म्हणून अट कागदावर राहिली आणि अनेक परगण्यांत तिच्याकडे काणाडोळा झाला.

स्कॉटची नेमणूक आणि नेपियरचा आक्षेप

१७९९ मध्ये सेल्कर्कचे शेरीफ अँड्र्यू प्लमर वारले. स्कॉट १७९२ पासून अ‍ॅडव्होकेट होता, म्हणजे अनुभवाची अट तो सहज पुरी करीत होता. पण त्याला पद मिळाले ते बक्लूचे ड्यूक आणि त्या काळी स्कॉटलंडची सारी सरकारी कृपा मुठीत बाळगणारे डंडास घराणे यांच्या पाठबळामुळे. वतन गेले आणि वशिला आला, एवढाच हा बदल होता असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु वशिल्याने आलेला माणूसही आता शिकलेला वकीलच असावा लागे, हा फरक लहान नाही. पगार वर्षाला ३०० पौंड होता. त्या वेळी परगण्याची एकूण लोकसंख्या पाच हजारांच्या थोडी वर होती, बहुतेक प्रदेश मेंढ्यांच्या कुरणांचा होता, आणि काम बेताचे होते. वकिलीत फारसे न कमावणाऱ्या, लेखनाची ओढ असलेल्या माणसाला याहून सोयीची नोकरी मिळणे कठीण.

पहिली चार वर्षे स्कॉटने ती सोय पुरेपूर वापरली. तो कामापुरता सेल्कर्कला जाई आणि परते. १८०३ मध्ये फ्रान्सशी युद्ध पुन्हा सुरू झाले आणि एडिनबरोच्या हौशी घोडदळाचा क्वार्टरमास्टर असलेला हा शेरीफ मसलबरोच्या किनाऱ्यावर कवायतीत रमला. नेपियरच्या दृष्टीने हे दुहेरी नुकसान होते. लॉर्ड लेफ्टनंट या नात्याने परगण्याच्या संरक्षणाची व्यवस्था त्याच्याकडे होती. युद्धाच्या काळात शांतता राखणारा मुख्य अधिकारी जवळ नाही आणि तो ज्या फौजेत आहे ती फौजही दुसऱ्या परगण्याची, हे त्याला पटेना. त्याने स्कॉटला चार महिन्यांच्या अटीची आठवण करून दिली, आणि ती पाळली जात नसेल तर गप्प बसणार नाही, असे सूचित केले.

स्कॉटला हे झोंबले. त्याच्या चरित्रकारांनीही नेपियरला बहुधा किरकिऱ्या जुन्या उमरावाच्या रूपात रंगवले आहे. माझ्या मते यात नेपियरवर अन्याय झाला आहे. कायद्याचा मजकूर निःसंदिग्ध होता, शेरीफ पगार घेत होता, आणि युद्धकाळात कोणत्याही क्षणी धान्याच्या भाववाढीवरून किंवा सक्तीच्या लष्करभरतीवरून दंगा उसळण्याची शक्यता होती. त्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे: १८०३–०४ या वादाच्या वर्षांतच सेल्कर्कच्या बाजारपेठेत उंच मनोऱ्याची नवी इमारत उभी राहत होती, आणि नगरसभेबरोबर शेरीफचे न्यायालयही तिथेच भरायचे होते. न्यायासनासाठी नवी वास्तू बांधणाऱ्या गावाने त्यावर बसणाऱ्याच्या हजेरीची अपेक्षा धरणे गैर म्हणता येणार नाही.

अखेरीस स्कॉटने हुज्जत घालण्यापेक्षा घर शोधणे पसंत केले. लासवेडचे घर सोडून त्याने १८०४ मध्ये ट्वीड नदीच्या काठी अ‍ॅशस्टील येथील घर आपल्या नातलगांकडून भाड्याने घेतले. घराचा तरुण वारस तेव्हा हिंदुस्थानात होता. अ‍ॅशस्टील सेल्कर्कशायरच्या हद्दीत होते आणि सेल्कर्क गाव तिथून सात-आठ मैलांवर होते. कायद्याची पूर्तता झाली, आणि नेपियरची तक्रार तिथे मिटली.

काम प्रत्यक्षात कसे चाले

मिटली ती तक्रार. कामाची पद्धत पूर्वीचीच राहिली, आणि या अभ्यासातला महत्त्वाचा भाग हाच आहे. १८०६ मध्ये स्कॉटने कोर्ट ऑफ सेशनच्या कारकुनाचे पद स्वीकारले. 'कारकून' या नावावर जाऊ नये. ते प्रतिष्ठेचे पद होते आणि १८१२ पासून त्याला त्याचे वर्षाला १,३०० पौंड मिळू लागले. पण त्यासाठी सत्र चालू असताना दररोज काही तास एडिनबरोच्या न्यायालयात बसावे लागे. म्हणजे अर्धे वर्ष शेरीफ परगण्यात नसणार, हे आता अधिकृतच झाले.

सेल्कर्कचे दैनंदिन न्यायदान सांभाळले शेरीफ-सबस्टिट्यूट चार्ल्स अर्स्किन याने, आणि गंमत अशी की तो राहत होता शेजारच्या रॉक्सबर्गशायरातील मेलरोझ गावी. जबान्या, अर्ज, पहिला निवाडा हे सारे सबस्टिट्यूट करी. त्याच्या निवाड्यावर नाराज असलेला पक्षकार शेरीफकडे दाद मागे. स्कॉटिश दिवाणी कामकाज त्या काळी जवळजवळ सगळे लेखी असे: अर्ज, त्यावर उत्तर, उत्तरावर प्रत्युत्तर. त्यामुळे कागदांचा गठ्ठा टपालाने एडिनबरोला जाई, शेरीफ तिथे बसून निर्णय लिही आणि गठ्ठा परत येई. पक्षकाराला शेरीफचे तोंडही दिसत नसे. ही लेखी पद्धत संथ आणि खर्चिक होती, अशी टीका पुढे पुष्कळ झाली; परंतु शेरीफ दूर राहूनही न्यायालय चालू शकले ते तिच्याच जोरावर.

तरीही स्कॉट नावापुरता शेरीफ होता, असे म्हणता येत नाही. स्थानिक लोक त्याला त्यांच्या बोलीत 'शिर्रा' म्हणत, आणि या बोलण्यात आपलेपणा असे. टॉम पर्डी हा मनुष्य चोरट्या शिकारीच्या आरोपाखाली त्याच्यापुढे आणला गेला. घरी बायको आणि बरीच मुले आहेत, कामाची टंचाई आहे आणि रानात पक्षी मात्र भरपूर आहेत, असे त्याने आपले गाऱ्हाणे अर्धवट विनोदाने मांडले. शेरीफने त्याला सोडून दिले आणि स्वतःकडे मेंढपाळ म्हणून ठेवून घेतले. पर्डी १८२९ मध्ये मरेपर्यंत त्याच्याकडेच राहिला. आजच्या न्यायाधीशाने असे केले, तर चौकशी बसेल. त्या काळच्या परगण्यात न्यायाधीश, जमीनदार आणि मालक हे तिघे एकाच माणसात नांदत, आणि दयाही त्याच वाटेने यायची.

सक्तीही त्याच वाटेने यायची. १८१२ मध्ये इंग्लंडच्या उत्तर भागात यंत्रमाग फोडणाऱ्या कामगारांचे दंगे चालू असताना गालाशील्स या विणकरांच्या मोठ्या गावात एका माणसाच्या मागावरचे कापड कापून टाकण्यासाठी सभा भरणार असल्याची खबर शेरीफला लागली. त्याने म्होरक्यांना आधीच ताब्यात घेतले आणि बेत उधळला. चौकशीत पत्रांचा आणि छापील जाहीरनाम्यांचा एक गठ्ठा हाती लागला; मँचेस्टरच्या विणकरांची समिती दक्षिण आणि पश्चिम स्कॉटलंडमधील कारखान्यांच्या गावांशी संपर्क ठेवून आहे आणि माणशी अडीच शिलिंग वर्गणी गोळा करते आहे, असे त्यावरून दिसत होते. कवी रॉबर्ट साउदी याला लिहिलेल्या पत्रात स्कॉटने हे कळवले आहे आणि देशाच्या पायाखाली सुरुंग पेरला गेल्याची भीती व्यक्त केली आहे. आज ते पत्र वाचताना विणकरांच्या बाजूचे एक वाक्यही त्यात नाही, हे जाणवते. संघटना म्हणजे कट, हे त्या शेरीफला इतके उघड वाटत होते की त्याचा विचार करण्याची त्याला गरज भासली नाही. परंतु मुद्दा वेगळा आहे. खबर वेळेवर मिळणे आणि सभेआधी पोहोचणे, ही कामे टपालाने होत नाहीत. त्या आठवड्यात शेरीफ जवळ होता. चार महिन्यांच्या अटीमागचा हेतू नेमका हाच होता.

त्याच वर्षी स्कॉट अ‍ॅशस्टील सोडून अ‍ॅबट्सफर्ड येथे राहायला गेला. हे त्याचे प्रसिद्ध घर मेलरोझ पॅरिशमध्ये, म्हणजे रॉक्सबर्गशायरात येते. काटेकोर अर्थाने पाहिले, तर सेल्कर्कचा शेरीफ पुन्हा एकदा परगण्याबाहेर राहू लागला होता. या वेळी कोणी हरकत घेतल्याचे दिसत नाही. सेल्कर्क अगदी जवळ होते, शेरीफ सहज सापडत होता, आणि तो आता साऱ्या ब्रिटनमध्ये नाव झालेला कवी होता. अटीची शाई कोणासाठी गडद आणि कोणासाठी फिकी असते, हे सांगायला नको.

१८३१ ची निवडणूक ही या कारकिर्दीची शेवटची कसोटी ठरली. मतदानाच्या हक्काच्या सुधारणेवरून देश पेटला होता आणि स्कॉट सुधारणेचा कट्टर विरोधक होता. मे महिन्यात जेडबरो येथे जमावाने त्याच्यावर दगड फेकले आणि 'बर्क सर वॉल्टर' अशा आरोळ्या दिल्या; १८२८ मध्ये उघडकीस आलेल्या एडिनबरोच्या खूनसत्रातील आरोपी बर्क हा आपल्या बळींना गुदमरवून मारी, त्यावरून ती धमकी होती. जेडबरोत स्कॉट शेरीफ नव्हता. सेल्कर्कच्या निवडणुकीत मात्र पक्षाघाताने खचलेल्या त्या साठीच्या गृहस्थाने एका मतदाराला धक्काबुक्की करणारा इसम पाहिला, तो गाडीतून उतरला, गर्दीत शिरला आणि त्याने स्वतःच्या हाताने त्याला पकडून दिवसभरासाठी कोठडीत टाकले. त्या पदावरच्या माणसाने काय करायचे असते, याची नेपियरची कल्पना या कृतीपेक्षा वेगळी नसावी. त्या शरदात स्कॉट प्रकृतीसाठी भूमध्य समुद्राच्या प्रवासाला गेला, पुढच्या उन्हाळ्यात परतला आणि २१ सप्टेंबर १८३२ रोजी वारला. तोपर्यंत शेरीफपद त्याच्याकडेच होते.

अट उलटली

१८३८ मध्ये संसदेने जो कायदा केला, त्याने या प्रकरणाचा निकाल कोणाच्याही अपेक्षेपेक्षा निराळा लावला. एडिनबरो आणि लॅनर्क या मोठ्या कामाच्या परगण्यांचे शेरीफ वगळता इतर सर्व शेरीफांनी सत्रकाळात एडिनबरोच्या कोर्ट ऑफ सेशनमध्ये नियमित हजर राहावे, असे त्यात ठरले. परगण्यात त्यांनी वर्षातून ठरावीक वेळा येऊन न्यायालय भरवायचे होते. पूर्वी ज्या गैरहजेरीबद्दल शेरीफला जाब विचारला जाई, तीच आता त्याचे कर्तव्य झाली. कारण असे दिले जाई की, वरिष्ठ न्यायालयाच्या रोजच्या संपर्कात नसलेला न्यायाधीश गंजतो, आणि स्थानिक लागेबांधे नसलेल्या माणसाकडे अपील जावे हेच हिताचे. मुक्कामाची जबाबदारी सबस्टिट्यूटवर आली: त्याने परगण्यात राहावे, वकिली करू नये आणि पूर्ण वेळ न्यायदान करावे. म्हणजे स्कॉट आणि अर्स्किन यांनी सोय म्हणून जी विभागणी केली होती, तिलाच थोडी शिस्त लावून कायद्याने मान्यता दिली. पुढच्याच वर्षी, १८३९ मध्ये, सेल्कर्कच्या न्यायालयासमोर शेरीफच्या झग्यातील स्कॉटचा पुतळा उभारला गेला.

यानंतरचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास दुय्यमाच्या चढतीचा आहे. सबस्टिट्यूटच्या नेमणुकीचा अधिकार १८७७ मध्ये शेरीफकडून काढून राजसत्तेकडे देण्यात आला, त्यामुळे तो कोणाचा माणूस राहिला नाही. परगणे एकेका शेरीफखाली जोडले गेले आणि सेल्कर्क हे रॉक्सबर्ग व बेरिक यांच्या गटात गेले. १९७१ च्या कायद्याने व्यवहार आणि नाव यांचा मेळ घातला: वरचा अधिकारी शेरीफ प्रिन्सिपल झाला आणि सबस्टिट्यूट नुसता शेरीफ झाला. १९७५ मध्ये साऱ्या स्कॉटलंडचे सहा विभाग पाडण्यात आले आणि सेल्कर्क लोदियन अँड बॉर्डर्स या विभागात आले. २०१४ च्या सुधारणा कायद्यानुसार १,००,००० पौंडांपर्यंतचे दावे शेरीफकडेच दाखल करणे सक्तीचे झाले, किरकोळ कामांसाठी समरी शेरीफ हे नवे पद निर्माण झाले आणि अपिलांसाठी स्वतंत्र शेरीफ अपील कोर्ट आले. १७४८ पासून त्याच कचेरीच्या वरच्या मजल्यावर राहिलेले अपील अशा रीतीने बाहेर पडले.

न्यायाधीशाच्या मुक्कामाचा प्रश्न आज उरलेला नाही. त्याची जागा इमारतीच्या अंतराने घेतली आहे. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी दहा गावांतील शेरीफ न्यायालये टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय २०१३ मध्ये झाला आणि त्यात सेल्कर्कच्या दोन्ही बाजूंची पीबल्स आणि डन्स ही न्यायालये होती. २०१५ च्या आरंभी पीबल्सचे काम सेल्कर्ककडे आणि डन्सचे जेडबरोकडे आले. विरोध करणाऱ्या वकिलांचा आणि स्थानिक मंडळींचा मुख्य मुद्दा बसच्या वेळापत्रकाचा होता: साक्षीदार, आरोपी आणि भाडेकरू यांनी डोंगराळ रस्त्याने वीस-बावीस मैल येऊन सकाळी दहाला हजर कसे राहावे? शासनाचे उत्तर होते की, कमी इमारतींत जास्त दिवस बसणारे न्यायालय अधिक चांगले काम करते, आणि निर्णय त्याच बाजूने झाला.